चहा ओतून देणारी बाई

निवडणूक लागली की आवाजवाल्यांच्या घरात बोलणं बंद व्हायचं. ही पद्धत म्हाताऱ्यानं घालून दिलेली. म्हातारा म्हणजे थोरल्याचा बाप. त्यानं आयुष्यभर गाडीच्या टपावर कर्णा बांधून साबणापासून सर्कशीपर्यंत सगळ्याची जाहिरात केली आणि जाताना भिंतीवर स्वतःचा फोटो आणि पोरांच्या डोक्यात एक नियम ठोकून गेला, की जो आवाज विकायचा तो घरात वापरायचा नाही. त्यामुळे प्रचार सुरू झाला रे झाला की थोरला घरात खुणांवर यायचा. एक बोट म्हणजे पाणी. दोन बोटं म्हणजे कोमट पाणी. तळहात वर म्हणजे वाढ, तळहात खाली म्हणजे पुरे. बायकोची विचारपूस करायला खूण नव्हती. म्हाताऱ्याला ती लागली नसावी, आणि थोरल्यानं काही नवीन शोधून काढलं असं त्याच्या उभ्या जन्मात झालेलं नव्हतं.

बाहेर मात्र सगळीकडे त्याचाच आवाज. छत्रीवाल्यांच्या गाडीतून तोच, किटलीवाल्यांच्या गाडीतूनही तोच. छत्री निशाणीसाठी जरा खर्जात, किटली निशाणीसाठी जरा वरच्या पट्टीत. लोकांना फरक कळायचा नाही आणि उमेदवारांना कळला तरी चालायचं, कारण गावात दुसरा आवाज नव्हता. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, ओट्याशी उभी राहून कांदा चिरत असायची आणि खिडकीतून नवरा तिला सांगायचा, "माता-भगिनींनो, तुमची काळजी आम्हाला आहे." मागे वळून बघावं तर तोच नवरा दारात दोन बोटं वर करून उभा.

तर त्या दिवशी सकाळी छत्रीवाल्यांची गाडी नेहमीसारखी कोपऱ्यावरून वळली, आणि तिच्यातून थोरल्याचा आवाज आलाच नाही. बाईचा आला.

"हुश्श. बसू दे जरा. कोणीही येवो निवडून. मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. उठते. चहा टाकते, कपात ओतते, तो तसाच गार होतो, मग सिंकमध्ये ओतून देते. रोजचंच आहे. घरात एवढी माणसं आणि एकाला दिसत नाही. कुणी विचारलं तर सांगेन म्हणते, की मी ठीक नाहीये. कुणी विचारतच नाही."

आणि त्याला चिकटून थोरल्याचा दणदणीत खर्ज, "म्हणूनच येत्या रविवारी, प्रचंड बहुमतानं, छत्री."

वहिनी तेव्हा कपडे वाळत घालत होती. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की चला, माझ्यासारखी आणखी एक आहे म्हणायची. बिचारी कुठे राहते कोण जाणे. हातातला टॉवेल झटकताना तिला बरंसुद्धा वाटलं. गाडी वळसा घालून पुन्हा आली, पुन्हा तेच लागलं, तेव्हा कुठे "हुश्श" ओळखीचं वाटलं आणि टॉवेल हातातच राहिला.

*

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण अशी चूक फक्त याच घरात होऊ शकते.

घरात रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. चारी भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराला जाड कापड, आत एक खुर्ची आणि एक माइक, मशीन आणि त्याचा पडदा बाहेर. दारावर लाल दिवा. दिवा लागला की घरात कुणी चालायचं नाही, नळ सोडायचा नाही, भांडं ठेवायचं नाही. पाहुणा आला तरी दारात पाय उचललेला तसाच ठेवायचा. म्हातारी, म्हणजे थोरल्याची आई, पदर तोंडात कोंबून खोकला गिळायची. या घरात देवाचं, सरकारचं, डॉक्टरचं कुणी ऐकलं नसेल, पण लाल दिव्याचं सगळे ऐकायचे.

काम दोघांत वाटलेलं. थोरला बोलायचा, धाकटा कापायचा. धाकटा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. लग्न न झालेला, छत्रीवाल्यांचा कार्यकर्ता, गळ्यात कायम हेडफोन. पण ते हेडफोन त्यानं कानाला लावून बरेच दिवस झाले होते. दादाचा आवाज कानात गेला की त्याच्या पोटात आग पडायची. "मतदार बंधूंनो" म्हटलं की आंबट ढेकर. म्हणून तो डोळ्यांनी ऐकायचा. पडद्यावर आवाजाचे हिरवे उंचवटे दिसतात, शांततेची सपाट रेघ दिसते. रेघ कापायची, उंचवटे ठेवायचे, मेमरी कार्ड गाडीवाल्याच्या हातात द्यायचं. खरं तर आवाजाच्या धंद्यातल्या या घरात कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं, धाकट्यानं फक्त त्याची पद्धत बसवली होती.

आदल्या दिवशी थोरला रेकॉर्डिंगच्या मधूनच उमेदवाराच्या माणसाचा फोन घ्यायला बाहेर आला. सवयीनं दिवा बंद केला. मशीन बंद करायचं विसरला. दिवा बंद बघून वहिनी आत गेली. गावात एवढा गोंगाट, घरात एवढा मुका कारभार, बाईमाणसानं बसायचं कुठं? ती तिथं जाऊन बसायची, दोन-चार शब्द गाद्यांशी बोलायची, डोळे पुसून बाहेर यायची. त्या दिवशी गाद्यांबरोबर माइकनंही ऐकलं. थोरला परत आला, पुढचं बोलला, आणि धाकट्यानं उंचवट्याला उंचवटा जोडून दिला.

*

दुपारच्या आत बैठकीच्या खोलीत सभा भरली.

मधली आली ती धापा टाकत. मधली म्हणजे थोरल्याची बहीण, धाकट्याची ताई. मनःशांती शिकवणं हा तिचा व्यवसाय. सध्या तिच्याकडे किटलीवाल्यांचं मोठं काम होतं, "ताणमुक्त प्रचार" नावाचं शिबिर. प्रचारानं खचलेल्या कार्यकर्त्यांना ती गोलात बसवून श्वास मोजायला लावायची, फुगे फुगवायला लावायची, बातम्या बघू नका म्हणून शपथ द्यायची. स्वतः ती दर थोड्या वेळानं पर्सच्या आत हात घालून फोनवर कल बघायची. फोन बाहेर काढला नाही तर तो बघितला असं होत नाही, असा तिचा समज होता.

"किटलीवाले पेटलेत," ती चपला काढता काढता म्हणाली. "म्हणतात, चहा ओतून देते म्हणजे काय? सरळ आमच्या निशाणीवर वार आहे."

"आणि छत्रीवाले खूश आहेत," धाकटा म्हणाला. "ताई, लोक गाडी थांबवून परत लावायला सांगतायत. बाजारात एक बाई रडली म्हणे. आमचे साहेब म्हणाले, एवढी वर्षं भाषणं करतोय, आपल्यासाठी कुणी रडलं नाही. ही बाई कोण आहे, तिच्याकडून अजून चार करून घ्या."

"चार काय चार? तुला लाज आहे का?"

"मी मुद्दाम केलं का?"

"ऐकून द्यायचं असतं रे, आवाज असतो तो."

"तू ऐकतेस का तुझ्या लोकांचं? नुसते फुगे फुगवायला लावतेस."

थोरला दोघांच्या मध्ये बसून तळहात खाली करत होता. पुरे, पुरे. कुणी बघत नव्हतं. त्याला आज सकाळपासून जे काही वाटत होतं त्याला एकही खूण नव्हती. बायकोचं ते वाक्य त्यानं सकाळपासून गाडीतून तीनदा-चारदा ऐकलं होतं आणि दर वेळी त्याच्या पुढं स्वतःचंच "म्हणूनच" आलं होतं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज असह्य झाला. बोलावंसं वाटत होतं. पण संध्याकाळी किटलीचं मोठं रेकॉर्डिंग होतं, घसा जपायचा होता. त्यानं एक बोट वर केलं. पाणी. वहिनीनं आणून दिलं.

"लोक काय म्हणतील याचा विचार आहे का कुणाला?" म्हातारी खुर्चीतून म्हणाली. "शेजारीण येऊन गेली सकाळी. म्हणाली, आवाज ओळखीचा वाटला हो. म्हणजे आता गावभर झालं की आम्ही सुनेला चहासुद्धा सुखानं पिऊ देत नाही. अगं, कुणी अडवलंय का तुला चहा प्यायला?"

"नाही, आई," वहिनी म्हणाली.

"बघा. मग?"

"आई, तसं नसतं ते," मधली म्हणाली आणि तिनं आपला शिबिरातला आवाज काढला, मऊ, लोणी लावलेला. "वहिनी, निवडणुकीच्या काळात असं होतं. सगळ्यांनाच होतं. याला हंगामी उदासी म्हण हवं तर. तू एक कर. सकाळी उठलीस की डोळे मिटायचे, पोटात श्वास घ्यायचा आणि स्वतःला सांगायचं, मी आनंदी आहे. सांगत राहायचं. मग मन ऐकतं."

"उठायचं आणि डोळे मिटायचे?" वहिनीनं विचारलं.

"हो."

"मग उठायचं कशाला?"

धाकटा हसला आणि मधलीच्या नजरेनं गप्प झाला. पण मधलीला ते लागलं. वहिनीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, दंड सुकले होते. मधली आठवड्यातून एकदा तरी या घरात जेवून जायची, हे तिला दिसायला हवं होतं. ज्या बाईनं वाढलं तिच्याकडे न बघता आपण दुसऱ्यांच्या मनाचे व्यायाम घेत हिंडतो, असं तिच्या मनात आलं आणि ते इतकं टोचलं की तिनं झटकन पर्समध्ये हात घालून कल बघितला. किटली एक टक्क्यानं खाली होती.

"माझ्या वेळी मन वगैरे काढायची पद्धत नव्हती," म्हातारी म्हणाली. हे ती नेहमी म्हणायची. पण आज म्हटल्यावर ती कापड लावलेल्या दाराकडे बघत राहिली. त्या खोलीत गाद्या भिंतीला नव्हत्या, एकावर एक रचलेल्या होत्या, तेव्हापासून ती खोली तिच्या ओळखीची होती. म्हातारा महिना महिना मुका राहायचा तेव्हा तीही तिथं जाऊन बसलेली होती. तेव्हा माइक नव्हता, एवढंच. हे ती कधी कुणाला बोलली नव्हती आणि आता या वयात बोलून काय करायचं, असं तिला वाटलं.

फोन वाजत राहिले. छत्रीवाले धाकट्याच्या फोनवर, किटलीवाले मधलीच्या. दोघांचं म्हणणं फिरून फिरून एकाच जागी आलं. त्या बाईनं पुन्हा बोलावं. छत्रीवाल्यांना वाटत होतं तिनं म्हणावं, छत्रीखाली आल्यापासून मी ठीक आहे. किटलीवाल्यांना वाटत होतं तिनं म्हणावं, किटलीतला गरम चहा प्यायला लागल्यापासून मी ठीक आहे. नाही म्हटलं तर दोघंही दारातून जाणार, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत थोरल्याला बुटांच्या सेलच्या जाहिराती करत बसावं लागणार.

मघाशी एकमेकांच्या जिवावर उठलेली बहीणभावंडं गिऱ्हाईक जाणार म्हटल्यावर पाच मिनिटांत एक झाली. त्यांनी एका कागदावर मजकूर बसवला. सुरुवात दोघांची एकच ठेवायची, शेवट वेगळा. मधलीनं वाचून दाखवलं, "नमस्कार. मी चहा ओतून देणारी बाई. तुम्ही माझी काळजी केलीत, आभारी आहे. मी आता ठीक आहे."

"'अगदी ठीक' म्हण," धाकटा म्हणाला. "नुसतं ठीक म्हणजे मनाविरुद्ध वाटतं."

"अगदी नको. अगदी म्हटलं की संशय येतो."

"दादा, तुला काय वाटतं?"

थोरल्यानं तळहात वर केला, मग खाली केला. म्हणजे वाढ आणि पुरे. दोघांनी त्याचा आपापल्या सोयीनं अर्थ लावला.

"आपल्या घरावरचं बालंट जाईल एकदाचं," म्हातारी म्हणाली. "वाच गं बाई. एक ओळ तर आहे."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इतका वेळ सगळे तिच्याविषयी बोलत होते आणि तिला ते दुसऱ्या कुणाच्या तरी स्थळाचं बोलणं चाललंय तसं ऐकू येत होतं. तिला राग आला नव्हता. राग यायला जी ताकद लागते तीच उरलेली नव्हती. पण एक गोष्ट तिला आत कुठेतरी पक्की ठाऊक होती. गेल्या कितीतरी महिन्यांत ती "वाढू का" आणि "आले हं" यापलीकडे जे काही धड बोलली होती, ते तेवढंच होतं, त्या खोलीतलं. तेवढंच खरं होतं. आणि आता तिनं स्वतःच्या तोंडानं ते खोटं होतं म्हणून सांगायचं होतं, दोन गाड्यांवरून, गावभर. एकदा ते सांगितलं की मग कुणी विचारायचा प्रश्नच संपला. ठीक आहे म्हणून सांगितलेल्या बाईला कोण विचारतं?

"एवढंच वाचायचं ना?" ती म्हणाली.

"एवढंच," मधली म्हणाली आणि तिनं कागद पुढे केला. "वहिनी, हसून वाच. हसलं की आवाजात येतं."

वहिनी आत गेली. दार लागलं. धाकट्यानं मशीन चालू केलं आणि बाहेरून लाल दिवा लावला.

*

घर थांबलं. म्हातारीनं पदर तोंडाशी नेला. मधलीनं पर्सची चेन अर्धी उघडलेली होती, ती तशीच राहिली.

बराच वेळ गेला. एवढ्याशा ओळीला एवढा वेळ म्हणजे ती चुकत असेल, पुन्हा वाचत असेल, असं सगळ्यांना वाटलं. मग मधलीनं भुवया उंचावून धाकट्याला विचारलं, झालं का? त्यानं खांदे उडवले. तिनं मनगटावर बोट आपटलं. त्यानं तिच्या पर्सकडे बोट करून नाक मुरडलं. तिनं त्याच्या हेडफोनकडे बोट करून कपाळावर हात मारला. हां हां म्हणता दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं, आणि सगळं हातवाऱ्यांनी. थोरल्याला प्रथमच आपल्या भाषेत इतकं बोलणं चाललेलं दिसलं आणि ती भाषा किती दरिद्री आहे तेही दिसलं. चिडायचं म्हटलं तर सगळं जमत होतं. बाकी काहीच जमत नव्हतं.

तेवढ्यात दारात दोन माणसं आली. छत्रीवाल्यांचा प्रचारप्रमुख आणि किटलीवाल्यांचा. दोघं एकाच वेळी आले याचं दोघांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. छत्रीवाला "काय मग, झा" एवढं म्हणतोय तोच म्हातारीनं लाल दिव्याकडे बोट केलं, आणि आठवडाभर एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरणारे ते दोन गृहस्थ शहाण्या पोरांसारखे एका बाकावर शेजारी शेजारी बसले.

धाकट्यानं पडद्याकडे बघितलं. सरळ रेघ. उंचवटा नाही, काही नाही. मशीन बिघडलं की काय. त्यानं वायर बघितली, बटणं बघितली, सगळं जागेवर. रेघ मात्र हलत नव्हती. अगदी जवळ जाऊन बघितलं तर ती किंचित वर-खाली होत होती, लयीत, इतकी बारीक की एरवी त्यानं ती शांतता म्हणून कापून टाकली असती. शेवटी नाइलाज म्हणून त्यानं गळ्यातले हेडफोन कानाला लावले.

त्याचा चेहरा बदलला. तो थोडा वेळ तसाच ऐकत उभा राहिला. मग त्यानं हेडफोन काढले आणि थोरल्याच्या कानावर ठेवले.

थोरल्याला आधी काही कळलं नाही. मग श्वास ऐकू आला. लांब, संथ. श्वासाच्या शेवटी बारीकशी घरघर. लग्न झाल्यावर पहिल्या पहिल्यांदा तो या घरघरीवरून तिला चिडवायचा आणि ती म्हणायची, मी नाही बाई घोरत. ही घरघर त्यानं शेवटची कधी ऐकली? ती रात्री त्याच्या शेजारीच असायची. म्हणजे ती झोपतच नव्हती. एवढे दिवस ती शेजारी डोळे उघडे ठेवून पडून असायची आणि आपण घशाला मफलर गुंडाळून गाढ झोपायचो.

त्यानं मशीनमधून माइकची वायर ओढून काढली. रेघ गेली.

"झालं का?" किटलीवाल्यानं कुजबुजत विचारलं.

"नाही झालं," थोरला म्हणाला. "होणार पण नाही."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हा खर्ज नव्हता की वरची पट्टीही नव्हती. जरासा चिरका, साधा, वापर नसल्यानं गंजलेला आवाज होता. म्हातारीसुद्धा क्षणभर दाराकडे बघायला लागली, कोण आलं म्हणून.

"दादा, घसा," धाकटा म्हणाला.

"राहू दे घसा."

"अहो, पण संध्याकाळचं आमचं रेकॉर्डिंग," किटलीवाला म्हणाला. "आणि ताईंनी शब्द दिलाय की त्या बाई..."

"ती बाई झोपलीये."

"झोपलीये म्हणजे? उठवा की. एक ओळ आहे, साहेब."

थोरला काही बोलण्याआधी मधली उठली. तिनं पर्स खुर्चीवर फेकली. "शब्द मी दिला होता, मीच परत घेते," ती म्हणाली, आणि हा शिबिरातला आवाज नव्हता. "तुमच्या लोकांना सांगा, फुगेही आता त्यांचे त्यांनीच फुगवा." मग ती तशीच अनवाणी रस्त्यावर गेली. छत्रीवाल्यांची गाडी पुन्हा कोपऱ्यावर येत होती आणि "हुश्श" सुरू होत होतं. मधली गाडीसमोर हात पसरून उभी राहिली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून हात घालून तिनं कार्ड काढून घेतलं.

इकडे छत्रीवाला तावातावानं उठला. "हे बरोबर नाही. आमची मेहनत आहे, आमची गाडी आहे, तुम्ही..."

"शू," म्हातारी म्हणाली. तिनं पुन्हा लाल दिव्याकडे बोट केलं. "दिवा दिसत नाही का?"

"आजी, आत काही रेकॉर्डिंग चाललेलं नाही."

"दिवा लागलाय ना? मग बोलायचं नाही. आमच्या घरची पद्धत आहे."

दोघं चडफडत गेले. जाताना एकानं बूट हातात घेतले आणि चौकटीबाहेर जाऊन घातले.

*

संध्याकाळ झाली तरी दिवा लागलेला होता. धाकट्यानं भांडी एकेक करून, आवाज न करता घासली. त्यात एक बशी फुटली, पण टॉवेलमध्ये गुंडाळून फोडावी तशी, आवाज न करता. मधलीनं कणीक भिजवली. म्हातारीला खोकल्याची मोठी उबळ आली तेव्हा ती परसात जाऊन खोकून आली.

दार उघडलं तेव्हा थोरला दारासमोरच स्टुलावर बसलेला होता, हातात ती वायर. वहिनीच्या गालावर गादीच्या शिवणीचा वळ उठला होता. कागद मुठीत चुरगळलेला.

"अहो, वाचायचं राहिलंच," ती घाबरून म्हणाली. "बसले आणि डोळा लागला. ते लोक येतील आता."

"येऊन गेले."

ती थबकली. तो बोलला होता. तिनं सवयीनं त्याच्या हाताकडे बघितलं, एक बोट आहे की दोन. त्याचा हात खरंच अर्धा वर आलेला होता. तो त्यानं खाली घेतला.

"पाणी नकोय मला," तो म्हणाला. गावातल्या प्रत्येक चौकात जाऊन काळजीवर बोललेला माणूस, पण इथे सुरुवात कुठून करायची ते त्याला येत नव्हतं. लिहून द्यायला कुणी नव्हतं. शेवटी त्यानं जे सकाळपासून डोक्यात बसलं होतं तेच विचारलं.

"चहा ओतून का देतेस?"

वहिनी म्हणाली, "गार होतो."

"गार का होतो?"

"कुणी समोर बसलं की पिईन म्हणते. मग बसते वाट बघत." एवढं बोलून ती रडायला लागली. तोंडाला पदर न लावता, आवाज करून. लाल दिव्याखाली असा आवाज त्या घरात कधी कुणी केला नव्हता. स्वयंपाकघरात मधलीचे हात कणकेत थांबले. तीही रडत होती, पण गुपचूप.

थोरला उठला. स्वयंपाकघरात गेला, मधलीला बाजूला केलं आणि कुठल्या डब्यात काय आहे ते शोधत त्यानं चहा केला. साखर दोनदा पडली. दोन कप घेऊन तो परत आला, गाद्यांच्या खोलीत खाली जमिनीवर बसला आणि दुसरा कप त्यानं तिच्यासमोर ठेवला. ती त्याच्यासमोर बसली. बाहेर लांबून किटलीवाल्यांची गाडी जात होती. "तुमची काळजी," ती सांगत होती, "आम्हाला आहे." थोरल्यानं पाय लांब करून दार लोटलं.

चहा अति गोड झाला होता. वहिनीनं एक घोट घेतला, मग दुसरा.

"मला डॉक्टरकडे जायचंय," ती म्हणाली. "मनाच्या डॉक्टरकडे. शिबिरात नाही हं. डॉक्टरकडे. श्वास मोजून होण्यातलं नाहीये हे."

"उद्याच जाऊ."

"उद्या सकाळपासून तुमची रेकॉर्डिंग आहेत ना? ते लोक येऊन बसतील बाकावर."

थोरल्यानं कप खाली ठेवला. तिच्या कपात अजून थोडा चहा होता, तो तिनं प्यायची त्यानं वाट बघितली.

"बसू देत," तो म्हणाला. "दिवा लावून जाऊ."